जुनी जनरल रजिस्टरं स्कॅन करून घेतली, जळगावच्या दुकानाचा अनुभव

अमळनेर तालुक्यातल्या एका शाळेत मी लिपिक आहे, एकोणीस वर्षं झाली. शाळा १९२१ ची. जुन्या जनरल रजिस्टरची, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाचं नाव, जात, जन्मतारीख लिहिलेल्या वहीची किंमत आमच्या भागात कोणाला वेगळी सांगायला नको, जून लागला की ऑफिसच्या दारात माणसं उभी, कोणाला आजोबांचा उतारा हवा कोणाला पणजोबांचा, कारण जात पडताळणीला जुना पुरावा मागतात. एससीला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा, एसटीला ६ सप्टेंबर १९५०, व्हीजेएनटीला (विमुक्त जाती, भटक्या जमाती) २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७. या चार तारखा मला माझ्या पोरांच्या वाढदिवसासारख्या पाठ आहेत.

मागच्या वर्षी सुरतहून एक काका आले, मूळचे आमच्याच गावचे, तिकडे कापड मार्केटला कामाला. "भाऊ, मना बापना दाखला भेटी का?" साल नक्की माहीत नाही, म्हणे १९४० ते ५० मधलं असेल. मी आणि शिपाईदादांनी दोन दिवस पानं उलटली, नाही सापडलं. नातीच्या अ‍ॅडमिशनची तारीख तोंडावर होती, काका काही न बोलता पिशवी उचलून गेले. त्या दिवशी मी हेडसरांना म्हटलं की सर आता हे कॉम्प्युटरवर घेऊच, नाहीतर ही रजिस्टरं असून नसल्यासारखी आहेत.

जळगावच्या आधी एका ठिकाणी एक रजिस्टर ट्रायलला दिलं होतं त्याचा अनुभव आधी सांगतो म्हणजे तुम्ही फसणार नाही. त्यांनी रजिस्टरची शिवण उसवून पानं सुटी केली आणि झेरॉक्स मशीनसारख्या फीडरमधून ओढली. १९३४ चं पान फाटलं. स्कॅन पण ब्लॅक अँड व्हाइट, १५० डीपीआयला (डीपीआय म्हणजे एका इंचात किती ठिपके), त्यामुळे फिकट झालेली निळी शाई पांढरीच आली, जन्मतारखेच्या रकान्यात नुसते ठिपके. आणि हातात दिली एक पीडीएफ, दोनशेच्या वर पानांची, त्यात शोध म्हणून काहीच नाही. म्हणजे आधी कागदाची पानं उलटत होतो आता स्क्रीनवर उलटायची. पैसे दिले आणि रजिस्टर घेऊन आलो.

जळगावच्या दुकानात गेलो तेव्हा त्यांनी दर सांगायच्या आधी विचारलं, "भाऊसाहेब, तुमच्याकडे लोक येऊन काय विचारतात?" मी म्हटलं नाव विचारतात, बापाचं नाव, गाव, अंदाजे साल. ते म्हटले मग तेवढे रकाने टाईप करावे लागतील, हाताने लिहिलेलं कॉम्प्युटरला आपोआप वाचता येईल या भरवशावर राहू नका. हे ऐकलं आणि इथेच काम द्यायचं ठरवलं.

हे नीट समजून घ्या कारण बऱ्याच संस्था इथेच चुकतात. छापलेलं असेल तर ओसीआर, म्हणजे फोटोतली अक्षरं कॉम्प्युटरने वाचणं, चालतं. आमच्या संस्थेचे १९६० नंतरचे छापील वार्षिक अहवाल त्यांनी ओसीआरनेच केले, चित्राच्या मागे मजकुराचा थर बसतो त्यामुळे पीडीएफमध्ये शब्द टाकला की पान सापडतं. टेसरॅक्ट नावाचं फुकट सॉफ्टवेअर मराठी वाचतं, ज्याला जमेल त्याने घरी करून बघावं, स्कॅन फक्त ३०० डीपीआयच्या खाली नको. जुन्या खिळ्यांच्या छपाईत जोडाक्षरं तुटलेली असतात तिथे गडबड होते, पण काम भागतं. टाकाने लिहिलेलं रजिस्टर मात्र वेगळी गोष्ट आहे, तिथे माणूसच बसवावा लागतो.

रजिस्टरं अकरा. उसवली नाहीत, व्ही आकाराच्या पाळण्यात अर्धं उघडून ठेवतात, वरून काच हलकेच टेकवतात आणि वरच्या कॅमेऱ्याने फोटो, कलरमध्ये, ४०० डीपीआय. मी पहिले दोन दिवस समोर बसून बघितलं, एका पानालाही धक्का नाही. मूळ फाइल टिफ (दर्जा न घटवता जपून ठेवायचा फोटो) आणि रोजच्या वापराला पीडीएफ-ए (बरीच वर्षं टिकवायच्या कागदपत्रांची पीडीएफ), आणि सूची एक्सेलमध्ये, प्रत्येक ओळीला रजिस्टर नंबर, पान नंबर, अनुक्रमांक आणि लिंक, क्लिक केलं की त्याच पानाचा फोटो उघडतो. नोंदी भरल्या अकरा हजार.

आता चुका. पहिल्या खेपेला सूची आली तेव्हा मी पाचशे नोंदी मूळ रजिस्टरशी स्वतः ताडून बघितल्या, तेवीस चुकीच्या निघाल्या. सगळ्यात जास्त घोळ आकड्यांचा, आपला मराठी एक हा इंग्रजी नऊसारखा दिसतो ना, टाईप करणाऱ्या पोरांनी जिथे १ होता तिथे ९ मारलेला, तारीख १ ची ९ झालेली. पडताळणीत अशी तारीख गेली तर माणसाचं वर्ष वाया जातं हो. मी चिडून फोन केला. त्यांनी वाद घातला नाही, नाव आणि जन्मतारखेचे रकाने दोन वेगळ्या मुलींकडून पुन्हा टाईप करून घेतले, जिथे दोघींचं जुळलं नाही ती ओळ मूळ फोटोवरून तपासली आणि जास्तीचे पैसे घेतले नाहीत. हीच पद्धत पहिल्यापासून वापरायला हवी होती. दुसऱ्या खेपेला पाचशेत दोन चुका.

नावांचं पण सांगतो. आपल्याकडे नथू, नथ्थू, नत्थू एकच माणूस, सुपडू कुठे ऱ्हस्व कुठे दीर्घ, आडनाव तर कित्येकांना लावलेलंच नाही, नुसतं 'झिपरू बिन उखा', म्हणजे उखाचा मुलगा झिपरू. म्हणून मूळ नोंद आहे तशी एका रकान्यात आणि आजच्या शुद्धलेखनाने दुसऱ्या रकान्यात असं करून घेतलं, शोध दोन्हीत लागतो. जिल्ह्याच्या रकान्यात 'पू. खा.' लिहिलेलं त्यांच्या पोरांना कळेना, मी सांगितलं की बाळा ते पूर्व खानदेश, १९०६ ला खानदेशचे दोन जिल्हे झाले तेव्हाचं नाव, जळगाव जिल्हा हे नाव १९६० नंतरचं. दोन रजिस्टरांत मोडी शेरे होते ते दुकानाला जमले नाहीत, स्पष्ट सांगितलं, ते बरं वाटलं. त्यासाठी मोडी वाचणारे एक बुजुर्ग धुळ्याहून आणले. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ ला धुळ्यातच गेले, त्यांनी गावोगाव फिरून गोळा केलेल्या दप्तरांसाठी १९२७ ला तिथे राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं, त्या धुळ्याच्या शेजारी राहून आपण आपलीच दप्तरं वाळवीला देतो याचं मला खरंच दुःख होतं.

दुसरं काम मायक्रोफिशचं, म्हणजे पानांचे बारीक फोटो असलेल्या फिल्मच्या तुकड्यांचं. आमच्या एका निवृत्त सरांनी अभ्यासासाठी जमवलेला डबा शाळेला दिलेला, ६२ फिश, खानदेशातल्या तालुक्यांचे इंग्रज काळातले सर्व्हे सेटलमेंटचे, म्हणजे जमीन मोजून शेतसारा ठरवल्याचे रिपोर्ट. पोस्टकार्डाएवढी फिल्म, १०५ बाय १४८ मिलिमीटर, चोवीसपट लहान केलेली असेल तर एकीवर ९८ पानं मावतात. वाचायचं मशीन शाळेत कधी नव्हतंच, त्यामुळे डबा कपाटावर पडून. साध्या स्कॅनरवर ठेवून होत नाही, हिशोब सोपा आहे, मूळ पानाचे ३०० डीपीआय हवेत तर फिल्मवर चोवीस गुणिले तीनशे म्हणजे ७२०० लागतात. जळगावात तसं मशीन त्यांच्याकडे नाही, मुंबईला पाठवून करून आणल्या. यातच उशीर झाला, वीस दिवस सांगितलेलं काम सात आठवड्यांवर गेलं आणि मधे आठ-आठ दिवस फोन करून मलाच विचारावं लागलं, हे मला आवडलं नाही. पण रिझल्ट सुंदर, छापील इंग्रजी असल्याने ओसीआर जवळजवळ सगळं बरोबर, गावाचं नाव टाकलं की विहिरी किती, धारा (शेतसारा) किती, पान समोर. गावांची स्पेलिंग मात्र इंग्रजांची, दोन-तीन तऱ्हेने टाकून बघावी लागतात. तुमच्याकडे जुनी फिल्म असेल आणि डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर थांबू नका, अ‍ॅसिटेट फिल्म सडायला लागल्याची ती खूण आहे, त्या फिल्म बाकीच्यांपासून वेगळ्या ठेवा आणि आधी त्याच द्या.

खर्च, दोन पानांच्या एका फोटोला ८ रुपये, सूचीला नोंदीमागे अडीच रुपये, फिशला ९० रुपये नग. मोडीचं मानधन धरून पंचेचाळीस हजारांच्या आसपास गेलं, जीएसटी वेगळा, तो आधी विचारून घ्या. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढली. कमिटीतले काही म्हणत होते सूची कशाला, नुसतं स्कॅन करू, पंचवीस-तीस हजार वाचतील. मी अडून बसलो. पैसे कमी असतील तर १९६७ च्या आधीचीच रजिस्टरं करा पण सूचीसकट करा. काम झाल्यावर दुकानातली कॉपी पुसायची असं लेखी घ्या, लोकांच्या जातीची माहिती आहे ती. दोन हार्ड डिस्क करा, दुसरी शाळेबाहेर ठेवा. आणि मूळ रजिस्टर रद्दीत घालायचा विचारसुद्धा नको, पडताळणीला दक्षता पथक आलं की मूळच बघायला मागतं.

सूची हातात आली त्याच संध्याकाळी सुरतच्या काकांच्या वडिलांचं नाव टाकलं. पहिल्या नावाने नाही आलं. मग बापाच्या नावाने शोधलं, उखा, गाव आमचंच. १९३८ ची नोंद, आम्ही शोधत होतो १९४० च्या पुढे. नाव लिहिलेलं 'नथ्थू'. फोन केला तर काका बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले येतो. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत ऑफिसात होते, नातीला घेऊन, आणि मी उतारा लिहीत होतो तेवढा वेळ ती पोरगी स्क्रीनवर पणजोबांची ओळ मोठी करून करून बघत होती.