मस्टँग माझी, कॉर्व्हेअर मित्राची: आठ महिन्यांनंतर

मार्चमध्ये मी १९६६ची फोर्ड मस्टँग हार्डटॉप घेतली. एप्रिलमध्ये मित्र आठ महिन्यांसाठी पुण्याला गेला आणि आपली १९६५ची शेव्हरोले कॉर्व्हेअर मोन्झा माझ्या गॅरेजात लावून गेला. "नुसती उभी ठेवू नकोस, चालव," एवढंच म्हणाला. आम्ही डेट्रॉइटच्या पश्चिमेला राहतो. एक डिअरबॉर्नला बनलेली, दुसरी इप्सिलँटीजवळच्या विलो रनला. दोघी माहेरीच आहेत म्हणा ना.

मस्टँगचं नवं काय सांगणार? १७ एप्रिल १९६४ला आली आणि दोन वर्षांत दहा लाखांच्या वर खपली. तिचा खरा फायदा मला सुट्या भागांच्या कॅटलॉगमध्ये दिसला. दाराच्या रबरापासून अख्ख्या बॉडीपर्यंत सगळं आजही नवं मिळतं. २८९ घनइंचांचं व्ही-८ (आठ सिलिंडरचं) इंजिन, ऑटोमॅटिक गिअर, किल्ली फिरवली की निघाली. सिग्नलला शेजारचा माणूस काच खाली करून "माझ्या वडिलांकडे होती" सांगतोच. वळणावर मात्र नाक जड.

घेताना गंज बघा. पुढच्या काचेखालच्या हवेच्या जाळीत पाणी साचून आतला पत्रा कुजतो, हे या मॉडेलचं जुनं दुखणं. माझ्या गाडीत आधीच्या मालकाने सीलंट थापून वर नवं कार्पेट अंथरलं होतं. पहिल्याच मोठ्या पावसात डावा बूट भिजला. जाळीत बादलीभर पाणी ओता आणि कार्पेटखाली हात घाला. विकणारा नको म्हणाला तर समजून जा. चेसिस नंबरातलं पाचवं अक्षरही वाचा. 'टी' असेल तर गाडी मूळची सहा सिलिंडरची, व्ही-८ मागाहून बसवलेलं.

कॉर्व्हेअरचं सगळंच उलटं. इंजिन मागे, डिकी पुढे, रेडिएटर नाहीच, इंजिन हवेनेच गार होतं. पॉवर स्टिअरिंग या गाडीला कधी मिळालं नाही, पण वजन मागे असल्याने स्टिअरिंग हलकं फिरतं. गाड्यांच्या सुरक्षिततेवर लिहिणाऱ्या राल्फ नेडरच्या टीकेने तिचं नाव खराब झालं, पण तो रोख मुख्यतः १९६० ते ६३च्या गाड्यांच्या मागच्या सस्पेन्शनवर होता. १९६५ला ते सस्पेन्शन नव्याने आलं. पुढच्या चाकांत हवा मागच्यापेक्षा बरीच कमी ठेवायची, हे मात्र पाळायचंच. मी सवयीने चारहींत सारखी भरली आणि हायवेच्या रॅम्पवर घाम फुटला.

आता पंख्याचा पट्टा. इंजिनाच्या मागच्या पुलीवरून निघून तो काटकोनात वळतो आणि वर आडव्या पंख्याला फिरवतो. तो गेला की इंजिन गार करणारं काहीच उरत नाही. डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागला की तिथेच थांबायचं, "पुढच्या एक्झिटला बघू" चालत नाही. ऑगस्टमध्ये वुडवर्ड ड्रीम क्रूझला, म्हणजे इथल्या जुन्या गाड्यांच्या मेळ्याला, जाताना पट्टा उडाला. ताण मीच चुकीचा दिला होता. डिकीत जादा पट्टा आणि पाना होता. पुण्यात रात्रीचे साडेआठ, मित्र जेवता जेवता फोनवर सांगत होता. अर्ध्या तासात निघालो. ऑक्टोबरमध्ये हीटर लावला तर केबिनभर तेलाचा वास: हीटरची हवा इंजिनावरूनच येते, त्यामुळे पुशरॉडच्या (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या दांड्यांच्या) नळ्यांच्या ओ-रिंगांतून, म्हणजे रबरी कड्यांतून, तेल झिरपलं की नाकाला आधी कळतं. इंजिनाचे भाग मिळतात, बॉडीचे पत्रे शोधत फिरावं लागतं.

दोन्ही गाड्यांना मुळात ब्रेकचं एकच सर्किट. एक नळी फुटली की पेडल थेट तळाला. मस्टँगला मी दुहेरी मास्टर सिलिंडर बसवून घेतला, म्हणजे पुढच्या आणि मागच्या ब्रेकचं सर्किट वेगळं झालं. घेणाऱ्याने पहिला खर्च हाच करावा, रंगाचं नंतर.

पहिलीच जुनी गाडी असेल तर मस्टँग घ्या. महाग पडेल, पण विकायला काढली तर गिऱ्हाईक मिळतं. मला विचाराल तर रविवारी सकाळी हात कॉर्व्हेअरच्याच किल्लीकडे जातो. मित्र डिसेंबरात परततोय. विकणार का म्हणून त्याला दोनदा विचारलं, दोन्ही वेळा त्याने विषय बदलला.