गच्चीसाठी आंब्याचं कलम: सांगलीतल्या रोपवाटिकांत काय घ्यावं, काय सोडावं

सांगली-मिरज भागातल्या रोपवाटिकांत गच्चीसाठी म्हणून आंबा तीन रूपांत विकायला असतो. लहान काळ्या पिशवीतलं वर्षभराचं कोय कलम, मोठ्या पिशवीतलं दोन-तीन वर्षांचं कलम आणि कुंडीत चार-दोन आंबे लटकलेलं तयार झाड. नजर साहजिकच तिसऱ्यावर जाते. किंमतही त्याचीच सगळ्यात जास्त. पण या तिन्हींत सगळ्यात वाईट खरेदी तीच आहे, हे आधीच सांगून टाकतो.

कोवळ्या कलमाला मोहोर आला तरी पहिली दोन-तीन वर्षं तो खुडून टाकायचा असतो, म्हणजे झाडाची ताकद खोडात, मुळांत आणि फांद्यांत जाते. फळासकट विकायच्या झाडाचा मोहोर मुद्दाम राखलेला असतो. खोड बोटाएवढं आणि वर पाव किलोचं फळ! बरेच दिवस लहान कुंडीत राहिल्याने मुळं आतून गोल गोल फिरून वेढा घालून बसलेली असतात. घरी आणून कुंडी बदलली की फळं गळतात आणि नवी पालवी लवकर धरत नाही. काही ठिकाणी पॅक्लोब्युट्राझोल हे वाढ रोखून मोहोर आणणारं संजीवक देऊनही मोहोर आणलेला असतो. पेरं आखडलेली आणि पानं टोकाला झुपक्यासारखी गोळा झालेली दिसली, तर ते झाड सोडून द्यावं. हे संजीवक बागेतल्या मोठ्या झाडाला मापात द्यायचं असतं. कुंडीच्या मूठभर मातीत ते साठून राहतं आणि झाड खुजं करून ठेवतं.

घ्यावं ते 10 ते 14 महिन्यांचं कोय कलम. पावसाळ्यात कोय रुजवून, रोपाची पानं तांबूस कोवळी असतानाच त्यावर पाचराचं कलम बांधतात. ते पुढच्या जूनपर्यंत विक्रीला येतं. निवडताना आधी जोड बघायचा, उंची नंतर. जोड मातीपासून चार बोटं तरी वर हवा, वरचं आणि खालचं खोड जवळपास सारख्या जाडीचं हवं आणि बांधलेली प्लॅस्टिकची पट्टी सुटलेली हवी. पट्टी तशीच राहिली तर ती खोडात रुतते, वर गाठ धरते आणि दोन वर्षांनी वळवाच्या वाऱ्यात झाड नेमकं तिथेच मोडतं. जोडाखाली फुटवा असेल तर तो रायवळ कोयीचा. तो वाढू दिला तर वरचं कलम मरतं आणि घरात रायवळ आंबा उरतो. पिशवीच्या तळातून जाड मुळं बाहेर आली असतील, तर शेजारचं कलम उचला.

जातीबाबत रोपवाटिकेत हमखास हापूस पुढे केला जातो. गच्चीसाठी तो नको. झाड जोमाने वाढतं, एकाआड एक वर्ष फळतं आणि फळात साका होतो, म्हणजे गर आतून पांढरट, भुसभुशीत होतो. केशर आपल्याकडच्या हवेला मानवतो. मिरज, जत, आटपाडीकडच्या बागा त्याच्याच आहेत. पण कुंडीसाठी पहिली पसंती आम्रपालीला. दशेरी आणि नीलम यांच्या संकरातून दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने 1971 मध्ये काढलेली ही जात मुळातच ठेंगणी आहे आणि दरवर्षी फळते. फळ लहान, गर गडद केशरी. ती उशिरा पिकते, त्यामुळे पावसात सापडते आणि फळमाशी लागते. नर फळमाश्यांना ओढून घेणाऱ्या मिथाइल युजेनॉलचा एक सापळा आधीच टांगून ठेवावा. आम्रपाली सगळीकडे मिळत नाही, मागणी नोंदवावी लागते. वाट बघावी.

पिशवी, माती वगैरे त्याच रोपवाटिकेत मिळतं. 24 × 24 इंचाची एचडीपीई (जाड प्लॅस्टिकची) पिशवी चांगली, निदान 220 जीएसएमची, म्हणजे चौरस मीटरला 220 ग्रॅम वजनाच्या कापडाची. 200 लिटरचा निळा पिंप अर्धा कापून घेतला तर तो जास्त टिकतो, पण माती निम्मीच मावते. पूर्ण भरलेली, भिजलेली 24 इंची पिशवी सव्वादोनशे ते अडीचशे किलो भरते. ती स्लॅबच्या मध्यावर ठेवू नये, कॉलमजवळ किंवा तुळईवर ठेवावी, खाली विटा देऊन.

तयार ‘पॉटिंग मिक्स’ मात्र घेऊ नये. त्यात बहुतेक कोकोपीट असतं; ते हळूहळू कुजून बसतं आणि झाड खाली जातं. शेतातली काळी माती आणून भरणं हीदेखील तितकीच मोठी चूक. काळी माती पावसात चिखल होते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भेगांत बारीक मुळं तुटतात. 24 इंची पिशवीला साधारण 12 घमेली लागतात: सहा पोयटा (गाळाची) किंवा तांबडी माती, तीन पूर्ण कुजलेलं शेणखत, तीन जाड वाळू किंवा विटांचा चुरा, आणि वर एक किलो निंबोळी पेंड. वरची तीन इंच जागा पाण्यासाठी मोकळी. कोकणातून आलेल्या कलमाच्या पिशवीत जांभ्याची लाल माती घट्ट बसलेली असते. तो गोळा तसाच पुरला तर भोवतालची माती ओली आणि गोळा आत कोरडा, असं होतं. कडेची माती बोटांनी हलकी मोकळी करून मगच लावावं, आणि जोड मातीच्या वरच राहू द्यावा.

पाण्याचा प्रश्न सांगलीत वेगळा आहे. पानांची टोकं आणि कडा करपल्या की रोग समजून फवारणी सुरू होते. बहुतेक वेळा तो क्षारांचा परिणाम असतो. कृष्णाकाठच्या क्षारपड पट्ट्यात बोअरचं पाणी जड असतं आणि कुंडीत क्षार साठत जातात. नळाचं पाणी द्यावं. बोअरचंच द्यावं लागत असेल, तर महिन्यातून एकदा तळातून भरपूर वाहून जाईल इतकं नळाचं किंवा पावसाचं पाणी सोडावं. एरवी एप्रिल-मेमध्ये रोज आठ-दहा लिटर, हिवाळ्यात दिवसाआड चार-पाच. फळावर आलेल्या झाडाचं पाणी ऑक्टोबरपासून मोहोर दिसेपर्यंत कमी करावं, पण कुंडीतलं झाड पूर्ण वाळवू नये. फळं वाटाण्याएवढी झाली की पाणी हळूहळू वाढवायचं. एकदम भरपूर दिलं तर गळ होते.

कलम गुडघ्याच्या वर गेलं की शेंडा खुडून तीन फांद्या घ्याव्यात, त्या हातभर झाल्या की पुन्हा शेंडे खुडावेत. मोहोरावर तुडतुडे आले तर 5 टक्के निंबोळी अर्क. भुरीला (मोहोरावर पांढरी भुकटी धरणारा रोग) पाण्यात मिसळणारं 80 टक्के गंधक, लिटरला 2 ग्रॅम, तेही संध्याकाळी. कडक उन्हात गंधकाने मोहोर जळतो.

सगळ्यात कच्चा दुवा पावतीचा. महाराष्ट्रात फळरोपवाटिकांना परवाना लागतो, 1969 पासून तसा कायदा आहे. तरी पुष्कळ ठिकाणी हाताला नुसती चिठ्ठी मिळते, ‘आंबा 1 नग’ एवढीच. जात खरी की खोटी हे तीन-चार वर्षांनी फळ हातात आल्यावर कळतं, म्हणून परवाना क्रमांक, जातीचं नाव आणि कलमाचा प्रकार लिहिलेली छापील पावती मागून घ्यावी. ती द्यायला जिथे खळखळ होते, तिथे झाड कितीही टवटवीत दिसलं तरी घेऊ नये.