स्वस्त की महाग? कॉर्डलेस वॉटर फ्लॉसर घेताना

वॉटर फ्लॉसर म्हणजे पाण्याच्या बारीक झोताने दातांच्या फटी साफ करणारं यंत्र, आणि कॉर्डलेस म्हणजे वायरशिवाय बॅटरीवर चालणारं. त्याच्या खोक्यावर दोन आकडे सगळ्यात ठळक छापलेले असतात: पाण्याचा दाब आणि मिनिटाला झोताचे किती ठोके. निवड करताना या आकड्यांचा उपयोग सगळ्यात कमी होतो. वॉटरपिकचं 'कॉर्डलेस अ‍ॅडव्हान्स्ड' हे महाग गटातलं यंत्र 45 ते 75 पीएसआय (दाब मोजायचं एकक) दाब देतं. फारसं नाव नसलेल्या स्वस्त यंत्रांवर मात्र शंभराच्या वरचे दावे सर्रास दिसतात. म्हणजे आकड्यांवर गेलात तर स्वस्त यंत्रच सरस ठरेल. पण हिरड्यांना जोर लागत नाही, नेमका आणि सोसेल एवढा झोत लागतो.

मी दीड वर्ष स्वस्त यंत्र वापरलं, त्यानंतर आता दोन वर्षं महाग. दोन्ही यंत्रं मूळ काम करतात, हे आधी सांगून टाकतो. दातांच्या फटीत अडकलेलं अन्न निघतं आणि हिरडीच्या कडेला साचलेला मऊ थर कमी होतो. दातांवर साचून दगडासारखा कडक झालेला थर, म्हणजे टार्टर, दोन्हींतल्या एकानेही निघत नाही, ते काम डेंटिस्टचंच. ब्रशची जागाही कोणतंच यंत्र घेत नाही. कॉक्रेन ही संस्था वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासते; तिच्या 2019 च्या आढाव्यात ब्रशच्या जोडीला पाण्याचा झोत वापरल्यावर महिन्याभरात हिरड्यांची सूज थोडी कमी झालेली दिसली, पण तीन आणि सहा महिन्यांनी तसा फरक दिसला नाही, आणि पुरावाही फारसा भक्कम नव्हता. तेव्हा जास्त पैसे मोजले की दात जास्त निरोगी, असा हिशेब मांडू नका.

मला खरा फरक जाणवला तो सगळ्यात खालच्या दाबावर. सुरुवातीला हिरड्या हुळहुळ्या असतात, थोडं रक्तही येतं. (आठवडा-दोन आठवड्यांत ते थांबलं नाही तर डेंटिस्टला दाखवा, यंत्र बदलत बसू नका.) त्या दिवसांत अगदी हलका झोत हवा असतो. माझ्या स्वस्त यंत्राचा 'सॉफ्ट' मोड महाग यंत्राच्या मधल्या मोडइतका टोचायचा. पहिल्या चार दिवसांत मी ते दोनदा कपाटात ठेवून दिलं होतं. शिवाय चार्जिंग उतरत आलं की झोत ढिला पडायचा. महाग यंत्रात खालचा दाब खरोखर हळुवार आहे आणि टाकी संपेपर्यंत झोत एकसारखा राहतो. हिरड्या नाजूक असतील तर मी एवढ्या एका गोष्टीसाठी जास्त पैसे देईन.

दुसरा मोठा मुद्दा नोझलचा, म्हणजे झोत सोडणाऱ्या बदलत्या टोकाचा. स्वस्त यंत्रासोबत चार-पाच नोझल मिळतात, पण बहुतेक वेळा ती एकाच प्रकारची असतात, रंगीत कड्या वेगळ्या एवढंच. घरातल्या प्रत्येकाला आपलं नोझल, यासाठी ती उत्तम. महाग यंत्रांत कामाप्रमाणे नोझल मिळतं: दातांना तारा असतील तर टोकाला बारीक ब्रश असलेलं, इम्प्लांट (हाडात बसवलेला कृत्रिम दात) किंवा ब्रिज (शेजारच्या दातांवर आधारलेले कृत्रिम दात) असेल तर ब्रशसारख्या केसांच्या पातळ झुपक्यांचं, हिरड्यांत खोल पोकळ्या असतील तर मऊ रबरी टोकाचं. हे शेवटचं डेंटिस्टला विचारूनच वापरावं. फिलिप्सच्या सोनिकेअर पॉवर फ्लॉसरचं नोझल झोताच्या चार धारा करतं, त्यामुळे हात अगदी नेमका धरावा लागत नाही.

नोझल तीन ते सहा महिन्यांनी बदलायचं असतं, म्हणून ते पुढेही मिळत राहणं महत्त्वाचं. माझं स्वस्त यंत्र दीड वर्षानंतरही ठणठणीत चालत होतं. पण तोवर ते मॉडेलच विक्रीतून गेलं, त्याचं नोझल कुठे मिळेना आणि दुसऱ्या यंत्रांची नोझल त्यात बसेनात. चालतं यंत्र ठेवून द्यावं लागलं, याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून यंत्र स्वस्त असो की महाग, आधी त्याची सुटी नोझल शोधा. ती सुटी मिळत नसतील तर ते यंत्र घेऊ नका.

चार्जिंगमध्ये स्वस्त यंत्रं पुढे आहेत. त्यांना बहुधा साधी यूएसबी केबल चालते, घरात कुठलीही असते. काही महाग यंत्रांना स्वतःचा चुंबकी चार्जर लागतो आणि तो हरवला की अडचण. पण या चार्जरचा एक फायदा आहे: यंत्राला चार्जिंगचं भोक नसतं. स्वस्त यंत्रात त्या भोकावर रबरी बूच असतं आणि ते सैल झालं की पाणी आत जातं. खोक्यावर 'आयपीएक्स 7' लिहिलेलं असलं, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याची हमी, तरी ती बूच घट्ट बसलेलं असेपर्यंतच. बॅटरी दोन्ही गटांत बहुधा आतच बंद असते, घरी बदलता येत नाही.

टाकीत फारसा फरक नाही. कॉर्डलेसमध्ये साधारण 200 ते 300 मिली पाणी मावतं, म्हणजे पाऊण मिनिट ते एक मिनिट. पूर्ण तोंडासाठी एकदा तरी पुन्हा भरावी लागते. टाकी निघते का आणि तिच्यात हात जातो का, एवढं मात्र बघा. ओलसर राहिलेल्या टाकीत बुळबुळीत थर धरतो.

सवय लागेल की नाही याची खात्री नसेल, हिरड्या धडधाकट असतील किंवा प्रवासासाठी दुसरं हवं असेल, तर स्वस्त घ्या. तारा, इम्प्लांट, ब्रिज किंवा दुखऱ्या हिरड्या असतील तर महाग घ्या. हृदयाच्या झडपेचा आजार असेल तर कोणतंही घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.

घेतल्यावर पाणी कोमट वापरा, झोत हिरडीच्या कडेला काटकोनात धरा आणि ओठ किंचित उघडे ठेवा, म्हणजे पाणी बेसिनमध्ये पडेल. पाणी जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं, असेल तर महिन्यातून एकदा कोमट पाण्यात चमचा-दोन चमचे व्हिनेगर घालून यंत्र चालवा आणि मग साध्या पाण्याने धुवा. नोझलच्या तोंडाशी क्षार साचला की महागातल्या महाग यंत्राचा झोतही वाकडा पडतो.