कॅसिओ एफएक्स-९९१ईएस प्लस: बीजगणित आणि कॅल्क्युलससाठी वर्षभराच्या वापरानंतर

कोल्हापुरात इंजिनिअरिंगची ॲडमिशन झाली की महाद्वार रोड नाहीतर राजारामपुरीतून ड्रॉइंगच्या सामानाबरोबर हा कॅल्क्युलेटर घेतलाच जातो. बहुतेकांचा वापर मग साइन, कॉस आणि गुणाकारावरच थांबतो. बीजगणितात हा खरंच गणित सोडवतो. कॅल्क्युलसमध्ये मात्र सूत्र देत नाही, फक्त आकडा देतो. पण त्या आकड्यावरून आपण काढलेलं सूत्र बरोबर आहे का, हे अर्ध्या मिनिटात कळतं. माझ्या मते पैसे तिथंच वसूल होतात.

आधी समीकरणं. मोड दाबून ५ घेतलं की चार पर्याय येतात: दोन चलांची, तीन चलांची, वर्गसमीकरण आणि घनसमीकरण. एकसामयिक समीकरणांत स्थिरांक उजवीकडं गेलेला हवा. पुस्तकात २एक्स + ३वाय − ७ = ० असेल तर तिसऱ्या रकान्यात +७ भरायचं. सगळ्यात जास्त उत्तरं इथंच चुकतात, आणि दोष कॅल्क्युलेटरला दिला जातो. एखादं पद नसेल तर तिथं ० भरा. वर्गसमीकरणाची मुळं करणीसकट येतात, काल्पनिक असली तरी येतात: १, −४, १३ भरलं की २ ± ३आय.

कमाल-किमान मूल्याच्या गणितात हा मोड फार उपयोगी पडतो. उद्यमनगरात मिळतो तसा ८ बाय ४ फुटांचा पत्रा घ्या. चारही कोपऱ्यांतून एक्स बाजूचे चौरस कापून, कडा दुमडून वरून उघडी टाकी करायची आणि घनफळ जास्तीत जास्त हवं. घनफळ = एक्स(८ − २एक्स)(४ − २एक्स). विकलन (डेरिव्हेटिव्ह) हातानंच करायचं आणि ते शून्य धरायचं: १२एक्स² − ४८एक्स + ३२ = ०, म्हणजे ३एक्स² − १२एक्स + ८ = ०. मोड ५, ३ घेऊन ३, −१२, ८ भरा. मुळं ३.१५४७ आणि ०.८४५३. पहिलं मूळ घेतलं तर ४ − २एक्स उणे होतं, म्हणजे पत्र्याची रुंदीच उरत नाही. ते सोडायचं, हे कॅल्क्युलेटर सांगत नाही. मग मोड १ मध्ये घनफळाचं सूत्र टाइप करून कॅल्क दाबा आणि ०.८४५३ द्या. १२.३१७ घनफूट येतं, साधारण ३४९ लिटर. आजूबाजूची ०.८ आणि ०.९ देऊन बघा, दोन्हीकडं घनफळ कमी भरतं. दुसरं विकलन न काढताही खात्री होते (पेपरात मात्र ते लिहावंच लागतं).

बाकी समीकरणांना सॉल्व्ह, म्हणजे शिफ्ट आणि कॅल्क. बरोबरचं चिन्ह अल्फा आणि कॅल्कनं येतं. हा न्यूटनच्या पद्धतीनं चालतो, त्यामुळं सुरुवातीचा अंदाज आपण द्यायचा आणि तो एका वेळी एकच मूळ देतो. ई^एक्स = ३एक्स ला ० पासून सोडलं तर ०.६१९१ येतं, २ पासून सोडलं तर १.५१२१. दोन मुळं आहेत हे तो आपणहून सांगणार नाही. अंदाज १.१ च्या आसपास दिला तर तिथं उतार जवळपास शून्य असल्यानं पुढचा अंदाज कुठच्या कुठं फेकला जातो. म्हणून आधी मोड ७ मध्ये ई^एक्स − ३एक्स चा तक्ता काढावा आणि चिन्ह कुठं बदलतं ते बघून अंदाज द्यावा. एकाच फलनाला तक्ता ३० ओळींचा, दोन्ही फलनं भरली तर २० चा. पायरी फार बारीक ठेवली की मेमरी अपुरी असल्याची एरर येते. उत्तराखाली एल-आर (डाव्या आणि उजव्या बाजूतला फरक) दिसतो, तो शून्य किंवा अगदी नगण्य असला तरच मूळ धरा.

आता खरा फायदा. समजा एक्स·ई^एक्स चं संकलन (इंटिग्रल) (एक्स − १)ई^एक्स आलंय. शिफ्ट आणि संकलनाची कळ दाबून डी बाय डीएक्स आणा, आत आपलं उत्तर टाका, बिंदू ०.७ द्या. १.४०९६ येतं. मूळ फलनात ०.७ घातलं तरी १.४०९६ च, म्हणजे उत्तर बरोबर. चुकून (एक्स + १)ई^एक्स लिहिलं असतं तर ५.४३७ आलं असतं. बिंदू ० किंवा १ घेऊ नका, तिथं चुकीची उत्तरंही योगायोगानं जुळतात. अंशतः संकलन असो, आंशिक अपूर्णांक असोत की आदेश (सब्स्टिट्यूशन), हीच चाचणी चालते. निश्चित संकलनाचं उत्तर ०.७८५३९ असं विचित्र दिसलं तर पायनं भागा, ०.२५ आलं, म्हणजे पाय छेद ४.

त्रिकोणमितीला हात लावण्याआधी रेडियन हवंच: शिफ्ट, मोड, ४. डिग्रीत राहिलं तर ० ते पाय साइनचं संकलन २ ऐवजी ०.०८६१ येतं, एरर वगैरे काही नाही. वर बारकासा डी दिसतो का आर, तेवढं बघायची सवय लावा.

क्षेत्रफळात आलेख अक्ष ओलांडत असेल तर तुकडे करा. ० ते २पाय साइनचं संकलन शून्य येतं, क्षेत्रफळ मात्र ४ आहे. अनंत मर्यादा टाकायची सोय नाही. ई^(−एक्स²) ला ० ते ५ पुरतं, ०.८८६२२६९ येतं. उत्साहात १०००० टाकलं तर शून्यही येऊ शकतं, कारण तपासायचे बिंदू त्या छोट्या उंचवट्यावर पडतच नाहीत.

एक्स शून्याकडं जातो त्या लिमिटला एक्स = ०.०१, मग ०.००१ एवढंच करा. (१ − कॉस एक्स)/एक्स² ला ०.०१ वर ०.४९९९९६ मिळतं, १०^−८ वर ०. कॉस तिथं पूर्ण १ होऊन बसतो, वजाबाकीत काहीच उरत नाही.

वेग बेताचा आहे. संकलनाच्या आत संकलन टाकता येत नाही, त्यामुळं एम-टूच्या (इंजिनिअरिंगच्या गणिताच्या दुसऱ्या पेपरच्या) डबल इंटिग्रलला आतलं हातानंच करावं लागतं. बारावीचा विद्यार्थी घेणार असेल तर बोर्डाच्या गणिताच्या पेपराला आणि जेईई मेनला कॅल्क्युलेटर चालत नाही, लक्षात ठेवा. घरी उत्तरं ताडायलाच उपयोग. इंजिनिअरिंगला नॉन-प्रोग्रॅमेबल चालतो असं सूचनेत असेल तर हा त्यात बसतो. सोलर पट्टीसोबत आत एलआर४४ सेल आहे.

दुसऱ्याच्या हातून परत आला की शिफ्ट, ९, ३, = करून सगळं साफ करावं. त्यानं कोन पुन्हा डिग्रीवर जातो, लगेच रेडियन लावून ठेवा.