ग्रिप हवी, घोंघाट नको, खिसाही सांभाळायचा: स्पोर्टी गाडीला टायर कोणते?

गाडीसोबत आलेले टायर झिजले की स्पोर्टी गाडीच्या मालकाची पंचाईत होते. तेच पुन्हा घ्यावेत, तर किंमत ऐकून घाम फुटतो. स्वस्तातले बसवावेत, तर गाडीची मजाच जाईल अशी धास्ती. त्यात ‘आवाज कमी हवा’ ही अट घातली की निवड आणखी अवघड होते. ग्रिप, शांतता आणि किंमत या तिन्हींत अव्वल असा टायर मला तरी आजवर भेटलेला नाही. दोन गोष्टी मनासारख्या मिळतात, तिसरीत थोडं जुळवून घ्यावं लागतं.

आधी आवाज टायरचाच आहे ना, हे बघा. मी बघितलं नव्हतं. मागून ‘वंव वंव’ असा आवाज यायला लागला आणि मेकॅनिकने चाकाचं बेअरिंग गेल्याचं सांगितलं. बेअरिंग बदललं, पैसे गेले, आवाज जागच्या जागी. ओळखायची रीत सोपी आहे. खडबडीत रस्त्यावरून गुळगुळीत रस्त्यावर येताच आवाजाचा पोत बदलला, तर तो टायरचा. रस्ता तोच असताना, वळणावर गाडीचं वजन एका बाजूला गेलं की घरघर वाढत असेल, तर संशय बेअरिंगवर घ्यावा.

टायरचाच निघाला, तर पर्याय ढोबळमानाने चार. तुलनेसाठी या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांना बसणारं २२५/४५ आर १७ हे माप धरू: रुंदी २२५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ४५ टक्के, आणि रिम १७ इंची.

पहिला पर्याय म्हणजे नावाजलेल्या कंपनीचा अस्सल स्पोर्ट टायर: मिशलिनचा पायलट स्पोर्ट ५, काँटिनेंटलचा स्पोर्टकाँटॅक्ट ७, ब्रिजस्टोनचा पोटेंझा स्पोर्ट. स्टिअरिंग हलवलं की गाडी तत्काळ वळते, ओल्या रस्त्यावरही ब्रेक लागल्याचा भरवसा वाटतो. पण बाजूची भिंत ताठ, नक्षीचे ठोकळे मोठे आणि रबर पकडीसाठी बनवलेलं, त्यामुळे खड्डा कमरेला कळतो आणि खरखरीत डांबरावर आत गुणगुण येतेच. कधीमधी ट्रॅकवर जाणाऱ्याने हेच घ्यावेत. रोज ऑफिसला जाणाऱ्याने या ग्रिपचे पैसे मोजायचे आणि ती वर्षातून दोनदा वापरायची, हे मला पटत नाही.

दुसरा याच्या अगदी उलट: त्याच मोठ्या कंपन्यांचा आरामदायी टायर. मिशलिन प्रायमसी ४, ब्रिजस्टोन तुरान्झा टी००५, योकोहामाचा ॲडव्हान डीबी. शेवटच्याच्या नावातच डेसिबल आहे, म्हणजे कंपनीला काय विकायचंय ते उघड आहे. शांततेत हे टायर खरोखर पुढे असतात. पण स्टिअरिंग फिरवणं आणि नाक वळणं यांच्यात एक छोटासा आळस शिरतो. साध्या सेडानमध्ये तो कळणारही नाही. ज्या गाडीचं सस्पेन्शनच घट्ट ठेवलंय, तिच्यात तो पहिल्याच वळणावर खटकतो. सवय होते म्हणतात. मला झाली नाही.

तिसरा पर्याय म्हणजे दुसऱ्या फळीतल्या कंपनीचा स्पोर्ट टायर, आणि बहुतेकांचं उत्तर इथेच सापडावं. हँकूकचा व्हेंटस एस१ इव्हो३, कुम्होचा एक्स्टा पीएस७१, फाल्कनचा अझेनिस एफके५१०, व्रेडेस्टाइनचा अल्ट्रॅक ही त्यातली काही नावं. ‘दुसरी फळी’ ऐकून नाक मुरडू नका. फाल्कन जपानच्या सुमितोमोचा ब्रँड आहे, व्रेडेस्टाइन २००९पासून अपोलोकडे आहे, आणि हँकूकचे टायर युरोपातल्या बड्या गाड्यांवर कारखान्यातूनच बसून येतात. कोरड्या रस्त्यावर शेवटच्या टोकाची पकड पहिल्या पर्यायापेक्षा थोडी कमी, पण ते टोक आपण रोजच्या रस्त्यावर गाठत नाही. किंमत मात्र बरीच खाली येते. आवाज पहिल्या दोन पर्यायांच्या मधोमध कुठेतरी बसतो.

चौथा, कधी नाव न ऐकलेला सगळ्यात स्वस्त टायर. नवा असताना तो शांतही वाटेल. त्याची परीक्षा पावसात होते. टायरसोबत येणाऱ्या युरोपीय लेबलवर ओल्या रस्त्यावरच्या पकडीच्या श्रेणी असतात. ताशी ८० किलोमीटरवरून गाडी थांबवताना सर्वात वरच्या आणि सर्वात खालच्या श्रेणीत साधारण १८ मीटरचा फरक पडू शकतो. म्हणजे चार गाड्या एकामागे एक उभ्या राहतील एवढी जागा. इथे वाचवलेला पैसा मला महागच वाटतो.

लेबलवरच्या डेसिबलची गोष्ट

‘७२ डेसिबलवाला सोडून ६९वाला घेतला, तरी आत फरकच पडला नाही’ अशी तक्रार सर्रास ऐकू येते. कारण तो आकडा गाडीच्या आतला नसतोच. इंजिन बंद करून गाडी ताशी ८० किलोमीटरच्या आसपास नुसती घरंगळू देतात, गाडीच्या मार्गाच्या मध्यरेषेपासून साडेसात मीटरवर मायक्रोफोन असतो, आणि रस्त्याचा पृष्ठभागही ठरावीक असतो. आकडा मिळतो तो रस्त्याकडेला उभ्या असलेल्या माणसाच्या कानाचा. ३ डेसिबल कमी म्हणजे ध्वनीची शक्ती निम्मी, हे खरं. कानाला मात्र आवाज निम्मा वाटायला १० डेसिबलच्या आसपास फरक लागतो. शेजारचं ए, बी, सी हे अक्षर तर टायरच्या रुंदीनुसार ठरलेल्या मर्यादेशी तुलना करून दिलेलं असतं. त्यामुळे रुंद टायरचं ‘बी’ आणि अरुंद टायरचं ‘बी’ सारखं धरू नका. सरळ आकडा वाचा, आणि तोही एकाच मापाचे दोन टायर तोलण्यापुरताच.

आत बसलेल्याला दोन वेगळे आवाज त्रास देतात. एक म्हणजे नक्षी रस्त्यावर आपटल्याचा आणि खाचांतली हवा दाबली जाऊन सुटल्याचा, साधारण १००० हर्ट्झच्या आसपासचा सरसराट. दुसरा २०० ते २५० हर्ट्झच्या पट्ट्यातला घुमारा. तो टायरच्या आतल्या हवेचा. रिकाम्या पिंपावर थाप मारली की घुमतं, तसाच. या घुमाऱ्यावर उपाय म्हणून काही टायरांत आतून फोमची पट्टी चिकटवलेली असते: काँटिनेंटलचं काँटीसायलेंट, मिशलिनचं अकूस्टिक, पिरेलीचं पीएनसीएस. घुमारा त्याने खरंच दबतो, सरसराटावर फारसा परिणाम नाही. शिवाय पंक्चर काढताना त्या जागेचा फोम कापावा लागतो, आणि तिथे काही दुकानदार हातच वर करतात. फोमसाठी जादा पैसे देण्याआधी आपल्याला नेमका कोणता आवाज छळतोय, ते एकदा कान देऊन ऐका.

नवा टायर शांत असतोच, पुढचं काय?

माझ्या त्या ‘वंव वंव’चं कारण शेवटी नक्षीत सापडलं. टायर डायरेक्शनल होते, म्हणजे बाणासारखी नक्षी असलेले आणि एकाच दिशेने फिरणारे. दिसायला झकास. पण प्रत्येक ठोकळ्याची एक कड जास्त झिजून नक्षी करवतीच्या दातांसारखी झाली होती. तळहात एका दिशेने फिरवला तर गुळगुळीत, उलट फिरवला तर खरखरीत. एकदा अशी झीज झाली की टायर कितीही महाग असो, तो गाणारच. डायरेक्शनल टायर रिमवरून न उतरवता फक्त त्याच बाजूला पुढे-मागे बदलता येतो. असिमेट्रिक, म्हणजे आतल्या आणि बाहेरच्या बाजूला वेगळी नक्षी असलेला टायर डावीकडून उजवीकडेही नेता येतो, त्यामुळे झीज सारखी राखणं सोपं जातं. म्हणून शांतता हवी असेल तर तिसऱ्या पर्यायातही असिमेट्रिकच घ्या, आणि दर ८ ते १० हजार किलोमीटरला जागा बदला. ज्या गाड्यांना पुढे आणि मागे वेगळी मापं असतात त्यांना पुढे-मागे बदलायची सोय नाही. त्यांनी अलाइनमेंटवर, म्हणजे चाकांचे कोन नीट जुळलेत ना यावर, जास्त डोळा ठेवावा.

ज्यांच्या गाडीला १८ इंची रिम आहेत, त्यांच्यासाठी आणखी एक वाट आहे, आणि ती फारसं कोणी सुचवत नाही. २२५/४० आर १८ आणि २२५/४५ आर १७ यांच्या बाहेरच्या व्यासात जेमतेम तीन मिलिमीटरचा फरक आहे. एक इंच छोटं रिम घेतलं की टायरची भिंत उंच होते, खड्डे ती गिळते, आवाज उतरतो आणि १७ इंची टायर सहसा स्वस्तही पडतो. सेकंडहँड रिम मिळाली तर हिशेब आणखी जमतो. अटी दोन: ब्रेकचं कॅलिपर आत मावलं पाहिजे आणि कंपनीने ते माप त्या मॉडेलला मान्य केलेलं असावं. गाडीचं रूप थोडं साधं होतं, ते ज्याने त्याने ठरवावं.

गाडीला रनफ्लॅट, म्हणजे हवा गेल्यावरही थोडं अंतर चालणारे टायर, बसून आले असतील तर साधे टायर लावल्यावर गाडी लगेच मऊ आणि शांत वाटेल. पण अशा गाडीत बहुधा स्टेपनी नसते. पंक्चर किट आणि छोटा कंप्रेसर डिकीत ठेवल्याशिवाय हा बदल करू नका.

टायरवर लिहिलेल्या वेगमर्यादेच्या अक्षरावर तडजोड नको. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर, व्ही २४०, डब्ल्यू २७०. आपण तेवढं पळवत नाही हे खरं, पण गाडीच्या पुस्तिकेत डब्ल्यू लिहिलं असेल तर स्वस्त मिळतोय म्हणून एच बसवू नये. भार निर्देशांकाचंही तेच: ९१ म्हणजे एका टायरवर ६१५ किलो, ९४ म्हणजे ६७०.

माझ्यापुरतं सांगायचं तर मी तिसरा पर्याय घेतला, असिमेट्रिक नक्षीचा, आणि वाचलेल्या पैशातून चारही चाकांचं अलाइनमेंट करून घेतलं. गाडी आता मुख्यतः घरच्यांसाठी आणि लांबच्या प्रवासासाठी असती, तर मी गुपचूप दुसऱ्या पर्यायाकडे वळलो असतो. दोनच टायर बदलायचे असतील तर नवे मागे लावा, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. ओल्या वळणावर मागची चाकं सुटली तर सावरणं फार कठीण जातं. आणि दुकानात टायर रिमवर चढण्याआधी भिंतीवरच्या ‘डीओटी’ (DOT) कोडचे शेवटचे चार आकडे वाचा, ती टायर बनल्याची तारीख असते: २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. सवलतीतला टायर जुना असेल तर बऱ्याचदा तिथेच पकडला जातो.