गोंदवल्याला तीन दिवस, आईसोबत

आईचं चार वर्षं चालू होतं, एकदा गोंदवल्याला (सातारा जिल्ह्यातलं, ब्रह्मचैतन्य गोंदवलेकर महाराजांच्या समाधीचं गाव) घेऊन चल, आणि माझं आपलं पुढच्या महिन्यात जाऊ, पुढच्या महिन्यात जाऊ. शेवटी जानेवारीत सुट्टी टाकली आणि पुण्याहून फलटण, मोगराळे घाट, दहिवडी असे गेलो. वाटेत एका ठिकाणी (नाव घेत नाही) मिसळ खाल्ली आणि तिथेच माती खाल्ली म्हणा, पोहोचेपर्यंत पोटात नुसती गुडगुड.

आधी काही बुक केलं नव्हतं. समाधी मंदिराच्या ऑफिसात नाव लिहिलं, खोली मिळाली. पैसे कोणी मागितले नाहीत, देणगी द्यायची तर द्या, पावती मिळते. आता खोली म्हणजे खोलीच हं, टीव्ही आणि एसी शोधणाऱ्यांनी उगाच तिथे जाऊन नाक मुरडू नये. चादर आमची आम्ही नेली होती ते बरं झालं, जानेवारीत माणदेशातली पहाटेची थंडी हाडात शिरते.

ब्रह्मचैतन्य महाराजांचा जन्म याच गावचा, १८४५ चा, आणि देह ठेवला २२ डिसेंबर १९१३ ला, पहाटे. समाधी खाली आणि वर गोपाळकृष्ण. काकड आरतीला आईने मला अक्षरशः ओढत नेलं, मी डोळे चोळत मागे बसले होते, आणि आरती संपल्यावर सगळे उठून जातील असं वाटलं तर कोणी उठेचना. शेजारच्या आजी गोमुखीत (जपमाळेच्या पिशवीत) हात घालून माळ ओढत होत्या, ओठ जेमतेम हलत होते, श्रीराम जय राम जय जय राम. मी पण बसले. पाच मिनिटांनी मोबाईल बघायला हात खिशाकडे गेला, मोबाईल खोलीत चार्जिंगला होता. मग काय, बसले तशीच, किती वेळ ते माहीत नाही, उठले तेव्हा पायाला मुंग्या.

आणि प्रसाद! पंगतीत मांडी घालून बसायचं, वाढपी बादली घेऊन पळत येतात, वाफाळता भात आणि त्यावर आमटी, भाताला आळं करेपर्यंत आमटी ताटभर पसरलेली असते, आळं आधीच करून ठेवा. मी पोटाच्या भीतीने थोडाच घेतला तर वाढणारे काका म्हणाले, "घ्या हो ताई, काही होत नाही." खरंच झालं नाही, उलट पोट जाग्यावर आलं. दुष्काळात महाराजांनी लोकांना शेतात काम देऊन जेवू घातलं होतं म्हणतात, या कोरड्या मुलखात अन्नाला एवढा मान का ते पंगतीत बसल्यावर कळतं. दुसऱ्या दिवशी आई भाजी निवडायच्या सेवेला जाऊन बसली, घरी मेथी निवडताना कंबर धरते म्हणणारी आई, तिथे दोन तास हलली नाही.

गावात थोरला राम आणि धाकटा राम ही दोन्ही मंदिरं चालत होतात. पुण्यतिथीला, मार्गशीर्ष वद्य दशमीच्या आसपास, तुफान गर्दी असते, शांत बसायचं असेल तर ते दिवस टाळा. आणि फिरायला म्हणून जात असाल तर अर्ध्या दिवसात सगळं बघून होईल आणि पुढे काय करायचं असा प्रश्न पडेल, लहान पोरं तर नक्कीच कंटाळतील.

आई आता पुढच्या वेळी आठ दिवस म्हणतेय. मी अजून ऑफिसात विषय काढला नाहीये.