उलट टाका: नेहमीचा, खालून ओढलेला की नॉर्वेजियन?

नागपुरात सुया हातात घेणाऱ्या बायका साधारण दोन वाटांनी विणकामात येतात. आई-आजीकडून शिकलेल्या लोकर उजव्या हातात धरतात आणि दर टाक्याला ती सुईवर फिरवतात. दुसऱ्या येतात क्रोशावरून. रुखवतासाठी तोरणं आणि रुमाल करून त्यांच्या डाव्या तर्जनीला धाग्याची सवय झालेली असते, म्हणून सुयांवरही त्या धागा डावीकडेच धरतात. यालाच काँटिनेंटल पद्धत म्हणतात. सुलट सुई, म्हणजे सुलट टाक्यांची अख्खी ओळ, यात झरझर जाते, कारण धागा मागे तयार असतो आणि सुईच्या टोकानं तो फक्त उचलायचा असतो. उलट सुई आली की मात्र वेग निम्म्यावर येतो. आमच्या शेजारच्या काकू तर स्पष्टच सांगतात, "उलट सुई आली की मी उठून चहा ठेवते."

हा आढावा या दुसऱ्या वाटेच्या बायकांसाठी आहे. उजव्या हातात लोकर धरणाऱ्यांनी यात पडू नये, त्यांना ही अडचण मुळात नाही.

नेहमीच्या काँटिनेंटल उलट टाक्यात धागा पुढे घ्यायचा, सुई टाक्यात उजवीकडून डावीकडे घालायची, धागा सुईवरून खाली आणायचा आणि तो वळसा मागे ढकलायचा. धागा खाली आणायला तर्जनी झुकवावी लागते, काही जणी अंगठ्यानं दाबतात. बोट झुकलं की धाग्याचा ताण सुटतो आणि टाका ढिला पडतो. सुलट ओळी घट्ट आणि उलट ओळी सैल असं झालं, की विणीच्या मागच्या बाजूला दोन-दोन ओळींच्या जोड्या आणि मधे चर दिसतात. बाजारची ॲक्रिलिक लोकर लवचिक असल्यानं हा दोष थोडा झाकते. सुती धागा अजिबात झाकत नाही, त्याला ताण धरताच येत नाही.

नागपूरकरांसाठी हा मुद्दा बारीक नाही. २९ डिसेंबर २०१८ ला इथं पारा ३.५ अंशांवर उतरला होता, पण तशी थंडी रोजची नव्हे. जाड स्वेटर जेमतेम दीड-दोन महिने अंगावर राहतो. त्यामुळे विणायला घेतलं जातं ते बिनबाह्यांचं जाकीट, कानटोपी किंवा बाळाचा सुती सेट. म्हणजे टाक्यातला फरक सगळ्यात उघडा पडतो तोच धागा आपल्या हातात जास्त येतो.

तरीही नेहमीच्या टाक्याची एक बाजू भक्कम आहे: कुठलाही नमुना जसा लिहिलाय तसा विणता येतो. टाके कमी करणं, जाळी, वेणी, कशातच मनातल्या मनात फेरफार करावा लागत नाही. ढिलेपणावर उपायही आहे. टाक्याचा आकार नवा टाका ज्या सुईवर बनतो तिच्या जाडीवर ठरतो, म्हणून उलट ओळ विणताना उजव्या हातात एक नंबर बारीक सुई घ्यायची. सुलट ओळीला दहा नंबर (३.२५ मिमी) असेल तर उलट ओळीला अकरा (३ मिमी). आपल्याकडच्या नंबरांत आकडा मोठा तितकी सुई बारीक, हे दुकानात लक्षात असू द्या. दोन जोड्यांतली एकेक सुई वापरली की काम झालं, नवं काही शिकायला नको. मात्र वेग वाढत नाही, आणि तर्जनीचं पेर दुखत असेल तर ते दुखतच राहतं.

दुसरा प्रकार खालून ओढलेला. परदेशी नमुन्यांत याला कॉम्बिनेशन पर्ल म्हणतात, कुणी रशियनही म्हणतं. सुई टाक्यात तशीच घालायची, पण धागा वरून गुंडाळायचा नाही. टोक धाग्यावरून नेऊन त्याला खालच्या बाजूनं पकडायचं आणि मागे ओढून घ्यायचं. बोट जागचं हलत नाही. धाग्याला लांबचा फेरा पडत नाही म्हणून टाका घट्ट बसतो, आणि ज्यांच्या उलट ओळी सैल पडतात त्यांची वीण बहुतेक वेळा इथंच एकसारखी होते. हे हाताला बसायला एक संध्याकाळ पुरते.

किंमत पुढच्या ओळीत मोजावी लागते. प्रत्येक टाक्याला सुईवर दोन पाय असतात. नेहमीच्या पद्धतीत उजवा पाय सुईच्या पुढे असतो, इथं तो मागे जातो. म्हणून पुढच्या सुलट ओळीत सुई मागच्या पायातून घालायची. सवयीनं पुढच्या पायात घातली तर टाका पिळतो, त्याच्या तळाशी फुली दिसते आणि वीण ताठर होते. टाके कमी करतानाही उलथापालथ आहे. डावीकडे झुकणारी घट एकदम सोपी होते, दोन्ही टाके मागच्या पायांतून एकत्र विणले की झालं. उजवीकडे झुकणारीसाठी मात्र दोन्ही टाके आधी सुईवर फिरवून घ्यावे लागतात. गळ्याला दोन्हीकडून घट असते, म्हणजे तिथं डोकं जागेवर हवं. गोल सुईवर एक सुलट एक उलट असा काठ विणताना आणखी एक: तिथं काम उलटत नाही, त्यामुळे उलट टाक्यावर पुन्हा उलटच टाका येतो आणि तोही मागच्या पायातून घ्यावा लागतो.

माझ्या मते यात अवघड असं काही नाही. पण टाक्याकडे बघून त्याचा पुढचा पाय कुठला ते न ओळखता नुसतं "मागून घाल" एवढं पाठ करणाऱ्या बाईनं या वाटेला जाऊ नये. चार टाके निसटले की सगळं पाठांतर निरुपयोगी.

नॉर्वेजियन प्रकारात धागा पुढे येतच नाही. उजवी सुई आधी धाग्याच्या मागून न्यायची, मग टाक्यात उजवीकडून डावीकडे घालायची, टोक डाव्या सुईच्या मागे वळवून धागा उचलायचा आणि आल्या वाटेनं परत यायचं. वाचताना हे ट्रॅफिकमधून स्कूटर काढण्यासारखं वाटतं, आणि पहिल्या दिवशी तसंच वाटत राहतं. फायदा एकाच ठिकाणी आहे, पण मोठा आहे: एक सुलट एक उलट काठात किंवा मोत्याच्या विणीत दर टाक्याला धागा पुढे-मागे करणं बंद होतं. टाका सुईवर नेहमीसारखाच बसतो, त्यामुळे पुढच्या ओळीत काही बदलायचं नसतं. पण अख्खी ओळ उलट असेल तर हा प्रकार मला तरी संथच वाटतो. ज्यांचे टाके घट्ट असतात किंवा सुयांची टोकं बोथट असतात, त्यांना सुई आत वळवायला जागा मिळत नाही. मनगटही बरंच फिरतं.

मानेवरून किंवा छातीशी लावलेल्या पिनेतून धागा घेऊन अंगठ्यानं उडवायची पोर्तुगीज पद्धत आहे. तिथं उलट टाका सगळ्यात सोपा आहे, पण त्यासाठी धागा धरायची अख्खी सवयच बदलावी लागते. शिवाय ऑक्टोबरच्या उकाड्यात मानेला लोकर लावून बसायची माझी तयारी नाही.

निवडायचं तर आधी हातातलं काम बघा. साधं जाकीट, पुढून सुलट मागून उलट, असं सपाट विणत असाल तर खालून ओढलेला टाका शिका, फक्त काखेच्या आणि गळ्याच्या घटी आधी एका तुकड्यावर करून बघा. मफलर मोत्याच्या विणीचा असेल, किंवा काठच काठ असेल, तर नॉर्वेजियनवर दोन-चार दिवस घालवणं परवडतं. बाळाच्या झबल्याला जाळीची नक्षी असेल आणि नमुना दुसऱ्याचा लिहिलेला असेल, तर नेहमीचा टाका आणि बारीक सुई. कानटोपी गोल सुईवर घेतली तर काठ सोडून उलट टाका लागतच नाही.

ठरवण्याआधी, ज्या धाग्याचं काम आहे त्याच धाग्यानं तीस टाके घालून वीस ओळी विणा, निम्म्या नेहमीच्या आणि निम्म्या नव्या टाक्यानं. मग तुकडा उलटा करून खिडकीच्या उजेडात धरा. जुन्या भागात चर दिसले आणि नव्यात नाहीत, तर बदला. दोन्हीकडे सारखंच दिसत असेल आणि बोटही दुखत नसेल, तर आहे तोच टाका ठेवा. आणि एकच कपडा दोन पद्धतींनी विणू नका. पुढचा भाग एका टाक्याचा आणि पाठ दुसऱ्याची असेल, तर शिवताना बाजूची लांबी जुळत नाही.